हरणाऱ्यांची गॅलरी

१२ ऑक्टोबर २०१४ रोजी इंडियन सुपर लीगचा पहिलावहिला सामना कोलकात्यात झाला आणि त्यात मुंबई सिटी एफसी ०-३ अशी हरली. सहा दिवसांनी हाच संघ आपल्या घरच्या मैदानावर उतरला आणि त्याने एफसी पुणे सिटीला ५-० असं धुतलं. ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने हॅटट्रिक केली. पण सीझन संपला तेव्हा आठ संघांत मुंबईचा नंबर सातवा होता. पुढच्या वर्षी सहावा. त्या दुसऱ्या वर्षी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर त्यांनी तब्बल सात गोल खाल्ले आणि एकही केला नाही.

नाव मुंबईचं असलं तरी हे घरचं मैदान होतं नेरूळला, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. संघ तळाशी रेंगाळत होता, तरी त्या दोन वर्षांत नेरूळच्या सामन्यांना वीस हजारांच्या आगेमागे माणसं जमत. तिसऱ्या वर्षी, २०१६ मध्ये, चित्र पालटलं. उरुग्वेचा दिएगो फोर्लान आला, प्रशिक्षक म्हणून अलेक्झांद्रे गिमारायश आले आणि संघाने गुणतक्त्यात पहिला नंबर पटकावला. मात्र याच वर्षी घर बदललं होतं. सामने आता अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात, मुंबई फुटबॉल अरेनावर होत होते आणि तिथली आसनं दहा हजारांच्याही आत. संघ वर चढला त्याच वर्षी गर्दीचा आकडा खाली आला.

पुढे २०२०-२१ मध्ये याच संघाने लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. तेव्हा करोनामुळे सगळे सामने गोव्यात बंद दरवाजाआड चालले होते. अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल मारला, तो बघायला गॅलरीत एकही तिकीटधारक नव्हता.

तेव्हा संघ जिंकायला लागला की लोक येतात, हे समीकरण वाटतं तितकं सरळ नाही. क्लब धडपडत असतानाही गर्दी वाढते, आणि ती का वाढते याची उत्तरं गोलफलकाच्या बाहेर शोधावी लागतात.

चुरस, विजय आणि लाल खुर्च्या

अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाला हात घातला तो बेसबॉलच्या निमित्ताने. सायमन रॉटनबर्ग या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९५६ मध्ये मांडणी केली, की प्रेक्षकाला हवी असते ती अनिश्चितता. निकाल आधीच ठाऊक असेल तर तिकिटाला पैसे कोण घालेल? १९६४ मध्ये वॉल्टर नील यांनी हाच विचार पुढे नेला: दुकानदाराला समोरचं दुकान बंद पडलं तर हवंच असतं, पण खेळाच्या धंद्यात तगडा प्रतिस्पर्धी नसेल तर आपलाच गल्ला रिकामा राहतो. कागदावर हे पटतं. प्रत्यक्ष मैदानावरच्या आकड्यांनी मात्र या सिद्धांताला पुरती साथ दिली नाही. घरच्या प्रेक्षकाला अटीतटीची लढत आवडतेच असं नाही. आपला संघ जिंकण्याची दाट शक्यता असली तर तो येतो, किंवा मग एखादा बलाढ्य पाहुणा येणार असला तर येतो. त्या दुसऱ्या वेळी मनात दोन आशा असतात: मोठे खेळाडू डोळ्यांनी बघावेत आणि जमलंच तर त्यांना हरताना बघावं.

विजयाची ओढ किती खोल असते हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चिआल्डिनी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं. त्यांनी अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत सोमवारी वर्गात आलेल्या विद्यार्थ्यांचे कपडे मोजले. शनिवारी विद्यापीठाचा संघ जिंकला असेल तर सोमवारी संघाचं नाव, रंग किंवा चिन्ह मिरवणारे विद्यार्थी जास्त असत. हरला असेल तर ते टी-शर्ट कपाटातच राहत. दुसऱ्याच्या विजयाची ऊब आपल्या अंगावर घ्यायची ही सवय माणसात आहे यात शंका नाही.

मग इंग्लंडच्या संडरलंडचं काय? जहाजबांधणी आणि कोळशावर वाढलेलं, दोन्ही उद्योग गेल्यावर खंगलेलं हे ईशान्य इंग्लंडमधलं शहर. तिथला क्लब २०१७ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली घसरला आणि २०१८ मध्ये त्याच्याही खालच्या, तिसऱ्या पायरीवर. मधल्या काळात जवळजवळ वर्षभर घरच्या मैदानावर लीगचा एकही सामना त्यांना जिंकता आला नव्हता. अशा क्लबचे प्रेक्षक आटायला हवे होते. झालं उलटं. दुसऱ्या पायरीवरच्या शेवटच्या सीझनला सरासरी साडेसत्तावीस हजार लोक येत. तिसऱ्या पायरीवर पोहोचल्यावर ही सरासरी बत्तीस हजारांवर गेली. २६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रॅडफर्डविरुद्धच्या सामन्याला ४६,०३९ प्रेक्षक होते. ‘लीग वन’ या नावाने चालणाऱ्या तिसऱ्या पायरीवरच्या लीगसाठी तो विक्रमच ठरला.

यात थोडा वाटा विजयाचाही होता, कारण खालच्या लीगमध्ये प्रतिस्पर्धी सोपे आणि जिंकण्याचे दिवस जास्त. पण एक गोष्ट सीझन सुरू होण्याआधीच घडली होती. स्टेडियममधल्या लाल खुर्च्या उन्हापावसाने विटून गुलाबी पडल्या होत्या. नव्या मालकांनी उन्हाळ्यात त्या बदलायला काढल्या आणि चाहत्यांना हात लावायला बोलावलं. लोक पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. ज्या खुर्चीचा बोल्ट आपण आवळला, तिच्यावर बसायला माणूस येणारच. सीझनच्या पहिल्याच घरच्या सामन्याला एकतीस हजारांवर प्रेक्षक हजर होते, तेव्हा संघाने या लीगमधला एकही सामना अजून जिंकलेला नव्हता.

घरी परतायची गाडी

मुंबईच्या आसपास गर्दीचा पहिला निर्णय रेल्वेचं वेळापत्रक करतं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली तेव्हापासून या पट्ट्यातलं आयुष्य लोहमार्गाला बांधलेलं आहे. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४.

जुन्या मुंबईत फुटबॉलचं घर म्हणजे कूपरेज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या रोव्हर्स कपचे सामने तिथे रंगत. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी तो कप नेला. मैदान कचेऱ्यांच्या वस्तीत होतं. फोर्टमधला कारकून काम आटोपून चालत तिथे जाऊ शकत होता आणि सामना बघून आपली नेहमीची गाडी पकडू शकत होता. कचेरीहून घरी जायच्या वाटेवरच फुटबॉल होता.

२००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसी या दुसऱ्याच क्लबच्या नशिबी नेमकं उलटं आलं. २००८-०९ पासून तो देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, आय-लीगमध्ये, खेळू लागला. फार मोठं बजेट नाही, मोठी नावं नाहीत; दर वर्षी शेवटच्या काही आठवड्यांत कशीबशी जागा वाचवायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. खालिद जमील यांच्या हाताखाली ही कसरत वर्षानुवर्षं जमली. अशा झुंजार क्लबवर शहराने जीव लावायला हवा होता. पण कूपरेजचं नूतनीकरण निघालं आणि मुंबईच्या या संघाला काही सीझन ‘घरचे’ सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. घर दीडशे किलोमीटरवर गेल्यावर घरचा प्रेक्षक कुठून येणार? कूपरेजला परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून माणसं जोडायची होती. २०१७ मध्ये संघ तळाला गेला, पदावनत झाला आणि त्यानंतर बंदच पडला.

आता डोंबिवलीच्या एखाद्या फुटबॉलवेड्या घराचा हिशेब मांडू. नेरूळला सामना असला तर ठाण्याला उतरायचं, नऊ-दहा नंबरचा फलाट गाठायचा आणि ट्रान्सहार्बरची गाडी पकडायची. ठाणे-वाशी मार्गावर २००४ मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या नसत्या तर हा बेत कुणी केलाच नसता. अंधेरीला सामना असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो घ्यायची आणि आझादनगरला बाहेर पडायचं. ही मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली, सुपर लीगच्या जन्माच्या चार महिने आधी. जाणं जमतं, खरी परीक्षा परतीची असते. साडेसातला सुरू झालेला सामना संपतो साडेनवाच्या सुमारास. बाहेर पडून मेट्रो, मग घाटकोपरला कर्जत किंवा कसारा लोकलमध्ये शिरायचं, तेही पोराला खांद्यावर घेऊन. घरी पोचेपर्यंत अकरा वाजून जातात आणि सकाळी शाळा असते. आठवड्याच्या मधल्या वारी असा सामना ठेवला की ठाण्यापलीकडचा प्रेक्षक आपोआप गळतो. त्याचं फुटबॉलप्रेम कमी झालेलं नसतं. त्याने फक्त घड्याळ पाहिलेलं असतं.

कुणाचा संघ?

मुंबईत एके काळी फुटबॉल खेळत ते कंपन्यांचे आणि सरकारी खात्यांचे संघ: टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, मध्य आणि पश्चिम रेल्वे. खेळाडूला नोकरी मिळे, कंपनीला नाव. पण कंपनीचं गणित बदललं की संघही जाई. सगळ्यात चटका लावून गेला तो महिंद्रा युनायटेड. १९६२ मध्ये सुरू झालेल्या या संघाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने तो गुंडाळला. विजेतेपदाची आठवण ताजी होती, पण संघ वाचवा म्हणून रस्त्यावर उतरेल असा त्याचा स्वतःचा मोहल्ला नव्हता.

मोहल्ला असला की काय होतं ते कोल्हापुरात दिसतं. तिथले संघ तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ज्या तालमीत एके काळी कुस्तीचा आखाडा घुमे, तिचंच नाव आज फुटबॉलच्या जर्सीवर आहे. गणपतीला वर्गणी मागायला येणारी, शिवजयंतीला मिरवणूक काढणारी आणि मैदानात सेंटर फॉरवर्डला खेळणारी पोरं एकाच गल्लीतली. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या छत्रपती शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना लागला की दगडी पायऱ्या भरून जातात, जरी यातला एकही संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळत नसला तरी. या मायेला धारही असते. हुल्लडबाजीमुळे सामने थांबल्याचे आणि पोलिसांना मध्ये पडावं लागल्याचे प्रसंग तिथे घडले आहेत. पण आपली तालीम यंदा हरते आहे म्हणून पेठेतला माणूस दुसऱ्या तालमीला पाठिंबा द्यायला जात नाही. याच मातीतून आलेला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

ठाणे-कल्याण पट्ट्यात पेठा नाहीत, पण आपलेपणाचे दुसरे धागे आहेत. केरळ ब्लास्टर्सचा संघ मुंबईत खेळायला आला की पाहुण्यांची बाजू पिवळीधमक होते. २०१४ मध्ये जन्मलेल्या ‘मंजप्पडा’ या चाहतेसंघटनेची माणसं नुसती कोचीहून येत नाहीत. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, डोंबिवली या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मल्याळी घरं आहेत. डोंबिवलीत तर केरळीय समाजाची स्वतःची शाळा आणि कॉलेज आहे. आणि हा ब्लास्टर्स संघ तरी कोण? २०१४, २०१६ आणि २०२१-२२ अशा तीन अंतिम सामन्यांत हरलेला, लीगचं विजेतेपद एकदाही न मिळालेला. तरीही कोचीचं स्टेडियम देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या मैदानांपैकी एक राहिलं. मुंबई सिटीच्या बाजूने ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ ढोल घेऊन उभी राहते. सामना रटाळ असला तरी नव्वद मिनिटं गाणारा हा घोळका नवख्याला पुन्हा यावंसं वाटायला लावतो.

बोलावणं

१ जून २०१८ रोजी अंधेरीच्या त्याच मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं. कर्णधार सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली. हे बघायला आले होते २,५६९ लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक छोटा व्हिडिओ टाकला. आमच्यावर टीका करा, हवं तर शिव्या द्या, पण स्टेडियममध्ये येऊन द्या, असा त्याचा मथितार्थ. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. मुंबईत धो धो पाऊस होता, मैदानात पाणी साचलं होतं आणि तिकीटविक्री संपल्याची पाटी लागली होती. अधिकृत नोंद ८,९९० प्रेक्षकांची झाली. भारत ३-० ने जिंकला, त्यात दोन गोल छेत्रीचे.

तीन दिवसांत खेळाचा दर्जा बदलला नव्हता. मैदान तेच, शहर तेच, हवामान तर आणखी वाईट. मधल्या काळात फक्त कुणीतरी सरळ बोलावलं होतं, आणि आपण आलो नाही तर कुणाला तरी वाईट वाटतं हे लोकांना कळलं होतं. अशी हाक रोज देता येत नाही, दिली तर तिची धार जाते. म्हणून ज्या क्लबना गर्दी टिकवता आली त्यांनी हाकेनंतर हाताला काम दिलं. जर्मनीत तिसऱ्या पायरीवर खेळणाऱ्या युनियन बर्लिनकडे २००८ मध्ये जुनाट स्टेडियम दुरुस्त करायला पैसा नव्हता. दोन हजारांवर चाहत्यांनी श्रमदान करून ते उभं केलं आणि २००९ च्या जुलैत ते पुन्हा खुलं झालं. हा संघ पुढे दहा वर्षांनी जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये पोचला.

तीस लाखांचं शहर, रिकामी जागा

६ नोव्हेंबर २०२३ रोजी नेरूळचं स्टेडियम पुन्हा क्लब फुटबॉलच्या प्रेक्षकांनी गजबजलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीसमोर सौदी अरेबियाचा अल-हिलाल होता. ज्याच्यासाठी तिकिटं हातोहात गेली तो नेमार गुडघ्याच्या दुखापतीमुळे आलाच नाही, आणि मुंबईचा संघ तर त्या गटात सगळेच्या सगळे सहा सामने हरला. तरी हजारो लोक आले. बलाढ्य पाहुण्याचं आकर्षण इथे होतंच. पण हेही दिसलं, की मोठं मैदान आणि ट्रान्सहार्बरची गाडी यांची जोडी जमली तर या पट्ट्यातून प्रेक्षक निघतो.

प्रेक्षक आहे, मात्र त्याला स्वतःचा संघ नाही. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती, कल्याण-डोंबिवलीची जवळपास साडेबारा लाख. दोन्ही शहरं मिळून तीस लाखांवर. तेव्हा मिझोरामच्या ऐझॉलची वस्ती तीन लाखांच्याही आत होती. २०१६ मध्ये ऐझॉल एफसी आय-लीगमधून पदावनत झाला, गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली आणि ३० एप्रिल २०१७ रोजी तो थेट विजेता ठरला. ईशान्येतल्या कुठल्याही क्लबसाठी हे पहिलंच मोठं विजेतेपद. त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील, म्हणजे वर्षभरापूर्वी ज्यांनी मुंबई एफसी सोडला होता तेच. त्याच सीझनला मुंबई एफसी तळाला गेला.

ठाण्याचं दादोजी कोंडदेव स्टेडियम क्रिकेटचं. डोंबिवलीच्या घरडा सर्कलजवळचं सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल आणि कल्याणचं सुभाष मैदान सगळ्या खेळांनी, सभांनी आणि मेळाव्यांनी वाटून घेतलेलं. घोडबंदर रोडपासून कल्याणपर्यंत तासाच्या भाड्याने मिळणारी जाळीबंद टर्फ मात्र रात्री उशिरापर्यंत उजळलेली असतात. तिथे खेळणाऱ्या मुलांच्या पाठीवर मँचेस्टर आणि माद्रिदची नावं असतात. खेळणारे भरपूर आहेत. त्यांना बसून बघण्यासारखा जवळचा सामना क्वचित मिळतो.

लोहमार्गाची सोय हळूहळू सुधारते आहे. कल्याणकडून ठाण्याला न उतरता नवी मुंबईला नेणाऱ्या ऐरोली-कळवा जोडमार्गातलं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, उन्नत मार्गाचं काम बाकी आहे. कल्याणहून डोंबिवलीमार्गे तळोज्याला जाणारी मेट्रो १२ सुद्धा होऊ घातली आहे. या गोष्टी कुठल्याच क्लबच्या हातात नाहीत. सुपर लीगच्या संघाला तर सामन्याची वेळही ठरवता येत नाही, ती टीव्हीच्या सोयीने लागते. जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या छोट्या क्लबला मात्र रविवारची दुपारची चारची वेळ ठरवता येते, पोरांच्या शाळेत जाऊन आमंत्रण देता येतं, रेषा आखायला आणि जाळी बांधायला कॉलनीतल्या माणसांना बोलावता येतं. सामना संपल्यावर तिथला प्रेक्षक चालत दहा मिनिटांत घरी पोचतो.